आज काय अडलं

मी शाळेत गेलोच न्हाय असं कुणी म्हणू नये. एकदा गेलोय. आमचं एक शेरडू दावं तोडून चौथीच्या वर्गात घुसलं होतं, ते वढून काढाय गेलतो. शेरडू फळ्याकडं तोंड करून गुमान हुबं. मी मातर दारातच घामाघूम. म्हणजे शिक्षणात ते शेरडू माझ्यापरीस चार मिनिटं पुढंच हाय.

ही गोष्ट म्या शंभर जणांला सांगितली असंल, आन् शंभर जण हसलेत. हसवणं एवढंच मला येतं. भूमच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या खव्याच्या भट्टीवर मी लई वर्सं कढईपुढं काढली. ज्यानं हे काम केलं न्हाय त्याला सांगतो. सकाळी दूध येतं, ते कढईत वतायचं, खाली जाळ घालायचा, आन् लांब दांड्याच्या उलथण्यानं ढवळत बसायचं. हात थांबला की संपलं. दूध बुडाला लागतं, आन् पांढऱ्या खव्यात काळे ठिपके दिसाय लागतात. त्यामुळं हात गुतलेला असतो, तोंड मोकळं असतं. आमच्या चार कढया, चार माणसं, आन् त्या चौघांत चालणारं तोंड एक, माझं. मालक म्हणायचा, "तुझा खवा बेताचाच हाय. पण तू असला की बाकीचे तिघं पेंगत न्हाईत, म्हून ठेवलाय." आता जिंदगीत मला मिळालेली ही एकच शाबासकी, ती बी दुसऱ्यांच्या झोपेपायी.

मला एकच लेक. ती सहावीत गेली त्या सालाला शाळेत नव्या बाई आल्या. भूमवरनं एसटीनं यायच्या, खांद्याला जड पिशवी, पायात बूट. त्यांनी पालकांची बैठक बोलवली. आमच्या घरातनं दरसाली बायको जायची, पण तवा ती माहेरी गेली होती, म्हून मी गेलो आन् सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसलो.

बाईनी एक शंभर पानी वही वर धरली. म्हणल्या, "प्रत्येक लेकराची अशी एक वही. रोज शाळा सुटायच्या आधी अर्धा तास ह्यात तीन गोष्टी लिहायच्या. आज काय कळलं, आज काय अडलं, उद्या काय विचारणार. ह्याला मार्क नाहीत. चुकीला लाल रेघ नाही. मी रोज वाचणार, आणि दर शनिवारी लेकरू तुम्हाला घरी वाचून दाखवेल. तुम्ही फक्त ऐकायचं आणि सही करायची. पण ऐकायचं मात्र."

आता गप बसावं की न्हाय? मी मागनं म्हणलो, "बाई, अडलं तेवढं समदं लिहायचं म्हणल्यावर आमच्या लेकीला शंभर पानी पुरायची न्हाय! दोनशे पानी घ्या!"

समदी बैठक हसली. लेकरं खिडकीतनं बघत होती, ती बी हसली. बाई हसल्या न्हाईत. आन् खिडकीत माझी लेक होती, ती खाली बघायली होती. ते मला दिसलं. पण हशा कानात भरला की मला डोळ्यांनी फार दिसत न्हाय.

सही मला येत होती. रेशनच्या कार्डापायी शिकलो होतो. ती लिहिणं न्हाय, ते चित्तर. आदी एक वळणाचा रस्ता, मधी दोन खड्डे, मग एक पूल, आन् शेवटाला बैल बसल्यासारखं कायतरी. त्यात माझं नाव हाय असं लोक म्हणायचे, म्या कधी तपासलं न्हाय. लेकीला म्या कधी सांगितलं न्हवतं की मला वाचाय येत न्हाय. तिनं पुस्तक पुढं केलं की माझं डोकं दुखायचं. चष्मा लागलाय म्हणायचो. "उजेड कमी हाय माय, आईला इचार." आई चौथी शिकलेली. असं करत करत सहा वर्सं काढली. मला वाटायचं, लई हुशारीनं काढली.

पहिला शनिवार आला. संध्याकाळचं वसरीवर बसलो. लेकीनं वही उघडली.

"पप्पा, वाचू?"

"वाच की माय."

तिनं वाचलं, "आज मला अडलं की एक चतुर्थांश मोठा का एक अष्टमांश मोठा. चारापेक्षा आठ मोठे म्हणून मी अष्टमांश मोठा म्हणाले. कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांचं तेच उत्तर होतं. उद्या बाईंना विचारणार की मोठ्या आकड्याचा तुकडा लहान कसा होतो."

"बराबर, बराबर," म्या म्हणलं, आन् रस्ता, खड्डे, पूल, बैल काढून दिला.

तिला बरं वाटलं. बापाला ऐकवलं, बापानं ऐकलं. हुरूपानं ती पुढचं बी वाचाय लागली. भूगोलात तिला अडलं होतं की पृथ्वी जर गरागरा फिरते, तर आपल्या विहिरीतलं पाणी सांडत कसं न्हाय. मला ते लई आवडलं. इतकं आवडलं, की सोमवारी म्या ते भट्टीवर नेलं.

कढईत दूध उकळायलं होतं. म्या लेकीवानी बारीक आवाज काढला, वही धरल्यावानी डावा हात पुढं केला, आन् सुरू झालो, "चारापेक्षा आठ मोठे हायत म्हून अष्टमांश मोठा!" भट्टी हसली. पल्याडच्या कढईवरचा म्हणला, "मालक, मग उद्यापासनं मला अर्धा कप चहा नगं, अष्टमांश द्या!" अजून हशा. मग विहीर काढली. मग पृथ्वी. एक जण हसता हसता खोकाय लागला.

खरं सांगू का? चतुर्थांश मोठा का अष्टमांश, हे मला बी माहीत न्हवतं. मालकाच्या तोंडाकडं बघून मी हसायची जागा धरत होतो.

चौघांत एक जण हसला न्हाय. माझ्या शेजारच्या कढईवरचा जोडीदार. तो बुद्धविहारापाशी राहायचा. त्याच्या घरातल्या समद्या लेकरांनी पुस्तकं धरली होती, थोरली पोरगी तर तवाच नोकरीला लागली होती. तो ढवळता ढवळता म्हणला, "आमच्याकडं शिकत्या लेकराला हसत न्हाईत, गड्या."

"अरं, चेष्टा हाय."

"तुझी चेष्टा. तिची वही हाय."

"तुला हसाय येत न्हाय त्याला मी काय करू?" म्या म्हणलं, आन् त्यावर बी दोघांला हसवलं.

मग ती रीतच पडली. शनिवारी लेक वाचायची, सोमवारी भट्टी वाट बघायची. "काय, ह्या हप्त्याला काय अडलं?" मालक सुदीक इचारायचा. चार महिन्यांत आमच्या भट्टीला सहावीचं अर्धं पुस्तक पाठ झालं असंल, ते समदं चुकीचंच.

भट्टीवरनं गोष्ट दूधवाल्यांबरूबर गावात जाते. एक दिवस बायको म्हणली, "अवं, टाकीपाशी पोरी आपल्या लेकीला अष्टमांश म्हणायल्यात."

"चांगलं नाव हाय की. मला तर लंगडा कोंबडा म्हणायचे."

"तुमाला बरं वाटायचं का तवा?"

कोंबड्यावानी लंगडत आत जाऊन दाखवलं. बायको हसली न्हाय. त्या दिवसात घरात मला न हसणारी माणसं वाढाय लागली होती, आन् मी त्याचा दोष त्यांनाच देत होतो.

त्याच्या पुढच्या शनिवारी लेकीनं वही उघडली, आन् एका दमात वाचलं, "आज सगळं समजलं. काही अडलं नाही. काही विचारायचं नाही."

"आन् सोमवारचं?"

"आज सगळं समजलं. काही अडलं नाही. काही विचारायचं नाही."

"मंगळवारचं?"

"तेच हाय, पप्पा. सही करा."

सहाच्या सहा दिवस तेच. म्या पाठीवर थाप मारली. "वा माय! आता तुझं कायच अडंना!" भट्टीवर सांगितलं, आमची लेक सुटली, तिला समदं समजाय लागलं. लोकांना वाईट वाटलं, सोमवारचं करमणुकीचं गेलं म्हून. मी तीन आठवडे छाती काढून हिंडलो. लेक बोलायची कमी झाली, ते बी म्या शहाणपणात धरलं. शिकलेली माणसं कमी बोलत्यात असं मला वाटायचं. बाई बी कमीच बोलायच्या की.

मग एक दिवस सकाळी वही फळीवर दिसली. दर बारीला बाईंचं लाल अक्षर एखादी वळ असायचं. त्या दिवशी पाच वळी! पाच! लेक न्हाणीत होती. म्हणलं, पाच वळी लाल लिहिलंय म्हणजे शाबासकी किती मोठी असंल. लेक लाजून दाखवंना झालीय. म्या वही सदऱ्यात घातली आन् तडक भट्टीवर.

कढई चढवली, दूध वतलं, जाळ घातला, आन् वही फिरवली. "बघा, बघा! पाच वळी! कुणाच्या लेकीला पाच वळी लिहिलंय गावात?" पल्याडच्यानं हात पुसून वही धरली, बघितली, आन् तशीच मालकाकडं सरकवली. मी म्हणलो, "मालक, मोठ्यानं वाचा. समद्यांला ऐकू द्या."

मालकानं चष्मा पुसला. आदी मनात वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"वाचू का खरंच?"

"मग! लाजायचं काय त्यात?"

मालकानं वाचलं, "पालकांनी शाळेत येऊन भेटावे. तीन आठवडे वहीत सगळं समजलं एवढंच येत आहे. वर्गात मात्र साधं उदाहरण सुटत नाही, आणि ती विचारतही नाही. आधी ती खरं लिहीत होती. घरी काय झालं ते कळावं."

कुणी हसलं न्हाय. चार उलथणी चालली होती, त्यातली तीनच. चौथं माझं, ते थांबलं होतं. वास आला तवा कळलं. माझी कढई बुडाला लागली होती, पार काळी. दहा-वीस माणसांच्या जनावरांचं सकाळचं दूध. दुसरा दिवस असता तर मालकानं मला दुधाच्या जागी उकळला असता. त्या दिवशी तो खालच्या आवाजात म्हणला, "जाळ वढ. आन् जा. आत्ताच जा शाळंत."

जोडीदारानं माझ्या कढईखालची लाकडं वढली. माझ्याकडं बघितलं बी न्हाय. त्यानं बघून कायतरी म्हणलं असतं तर बरं झालं असतं.

शाळंत मधली सुट्टी होती. लेकरं खिचडी खायली होती. बाई वट्यावर डबा उघडून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डबा झाकला.

"या भाऊ. बसा."

मी बसलो न्हाय. अंगाला धुराचा वास, सदऱ्याला दुधाचे डाग. म्या वही पुढं केली.

बाईनी मागची पानं उघडली. "हे बघा. हे तिनं लिहिलं म्हणून मला कळलं की तुकडा म्हणजे काय हेच वर्गाला कळलेलं नाही. मी दुसऱ्या दिवशी भाकरी आणून तुकडे करून दाखवले. तुमच्या एका लेकीच्या वहीनं तीस लेकरं शिकली. ही विहीर बघा. तिच्या ह्या प्रश्नावर आम्ही बादली गरागरा फिरवली ग्राउंडवर." मग त्यांनी पुढची पानं उघडली. "आणि हे. वहीत सगळं समजलं. काल फळ्यापाशी बोलावलं, तर खडू धरून नुसती उभी. डोळ्यात पाणी. काय येत नाही ते सांगेना. मी आता शिकवू कुठनं? दार कुठंय ते मला दिसेना."

मला त्या पानावरचं लाल तेवढं वळखू आलं.

"घरी कुणी रागावलं का? मारलं का?"

"न्हाय बाई. रागावलं न्हाय कुणी."

"मग?"

"हसलो."

बाईनी वही मिटली.

"म्या हसलो. तिनं वाचलेलं म्या भट्टीवर सांगितलं. दर सोमवारी. आवाज काढून. लोक हसले, ते गावात गेलं, पोरी तिला नाव ठेवाय लागल्या." हे बोलताना बी माझ्या तोंडात एक इनोद आला होता. सवय. म्या तो गिळला. लई कडू लागला.

बाई म्हणल्या, "तिच्यापुढं तुम्ही कधी काय अडलं ते बोललात का?"

"मला काय अडतंय बाई? मला तर..." आन् मग ते तोंडातनं निघालं. "मला लिहाय-वाचाय येत न्हाय. म्या लेकीला सांगितलं न्हाय आजवर."

"मला माहितीय, भाऊ."

"कसं काय?"

"वहीतनं."

म्हणजे लेकीनं लिहिलं होतं. आन् दर शनिवारी मला वाचून दाखवताना तेवढी वळ ती गाळत होती. मी तिची एक बी वळ भट्टीवर गाळली न्हवती. मी शाळेच्या वट्यावर खालीच बसलो.

बाईनी वही उलटी करून मागचं पहिलं कोरं पान काढलं. "आजपासनं हे मागचं पान तुमचं. रोज तुमचं काय अडलं ते तुम्ही सांगायचं, ती लिहील. वहीत अडलेलं लिहिलं की माणूस लहान होत नाही, हे मी सांगून तिला आता पटायचं नाही. तुम्ही करून दाखवा."

संध्याकाळी म्या लेकीला वसरीवर बोलवलं. वही दिली. "बाईनी सांगितलंय, माझं बी लिही मागच्या पानावर."

तिनं पेन धरला. तोंडावर काय बी न्हाय.

"लिही. आज मला अडलं की आपली म्हैस..."

पेन खाली. "पप्पा, हे इनोदी हाय."

"बरं मग लिही, आज मला अडलं की तुझ्या आईनं..."

"पप्पा."

आतनं बायको म्हणली, "त्यांचं खरं निघायला सांजचं पहाट होईल. तू अभ्यास कर."

मग म्हणलो, "लिही. तू बारकी असताना मी भूमला जायचं म्हून बार्शीला गेलो."

ही गोष्ट घरात समद्यांला पाठ होती. ती म्या हज्जारदा सांगितली होती, की गाडीत डोळा लागला, बार्शीत जाग आली, म्हणलं आलोच हाय तर भेळ खाऊन जावं. लेकीला ती लहानपणापासनं आवडायची. ती म्हणली, "झोप लागली होती तुमाला."

"झोप लागली न्हवती. पाटी वाचाय आली न्हाय. कुणाला इचारायची लाज वाटली, कारण शेजारी आपल्या गावचा माणूस बसला होता. निम्म्या वाटंत कळलं, तरी उतरलो न्हाय. त्याला वाटावं मी बार्शीलाच चाललोय. दवाखान्याचं काम ऱ्हायलं. भेळ खाल्ली न्हाय. स्टँडवर बसलो दिवसभर."

तिनं लिहाय सुरुवात केली. हळू हळू लिहायली. मधीच इचारलं, "दवाखाना कुणाचा होता?"

"तुझाच. तुझं औषध आणाय चाललो होतो."

तिनं ते बी लिहिलं. मग इचारलं, "उद्या काय विचारणार?"

"काय?"

"तिसरं असतंय की, पप्पा. उद्या काय विचारणार."

"उद्या इचारणार की भूम हे कसं लिहित्यात."

तिनं मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. म्या बोटानं गिरवलं. अक्षरं दोनच, आन् त्याच्यापायी मी बार्शीला गेलो!

दुसऱ्या दिवशी मला वाटलं आता लेक बी खरं लिहील. न्हाय. शनिवारी परत तेच. समजलं, न्हाय अडलं, न्हाय इचारायचं. सही केली. म्हणलं, आपण काय तरी करावं. भट्टीवरनं एक खव्याचा गोळा आणला, तिच्यापुढं चार तुकडे केले, मग आठ केले. "बघ माय, आठ केले की तुकडा बारका. म्हणजे चतुर्थांश मोठा!" मोठा शोध लागल्यावानी बघितलं तिच्याकडं.

"पप्पा, ते बाईनी भाकरीवर दाखवलं. ते मला चार महिन्यांपूर्वीच कळलंय."

"मग आता काय अडलंय?"

तिनं एक तुकडा बोटानं सरकवला. मग लई बारीक आवाजात म्हणली, "तुमी सांगणार भट्टीवर."

"न्हाय."

"सांगणार."

आम्ही दोघांनी ते आठ तुकडे खाल्ले. तिनं तीन, म्या पाच. तिनं काय सांगितलं न्हाय.

भट्टीवर मातर इचारणं थांबलं न्हवतं. लाल अक्षराच्या आठ-पंधरा दिवसांनी लोकांची लाज गेली, आन् पल्याडच्यानं इचारलंच, "काय, अष्टमांशचं काय नवीन?"

म्या म्हणलं, "तिचं सांगणार न्हाय. माझं सांगतो." आन् बार्शीची गोष्ट सांगितली. खरी. झोपेशिवाय, भेळेशिवाय. पयल्यांदा ते हसले, त्यांना वाटलं पुढं कायतरी येणार. पुढं कायच आलं न्हाय. शेवटी जोडीदार ढवळता ढवळता म्हणला, "आक्षर कुठवर आलंय?"

"भूम येतंय. आईचं नाव येतंय. शेरडू येत न्हाय अजून."

"दाखव."

म्या जळणातली एक काडी घेतली, कढईच्या बाजूच्या राखंत भूम लिहिलं. त्यानं बघितलं, आन् काडी घेऊन माझ्या अक्षराचं वाकडं शेपूट सरळ केलं. पुढं रोज एक अक्षर. जाळ धरंस्तोवर जेवढा वेळ मिळायचा तेवढ्यात. मालक म्हणायचा, भट्टीत आता खव्यापरीस राख जास्त कामाला येते.

आन् घरी रोज मागचं पान. लेक लिहायची, मी सांगायचो. मला काय काय अडतं हे सांगाय लागल्यावर मीच घाबरलो. औषधाची बाटली. मोबाईलवरचा निरोप. लग्नाची पत्रिका. मतदानाला गेल्यावर बोटाला शाई लागली की माझं काम झालं असं वाटायचं. पाच-सहा आठवड्यांत माझीच निम्मी वही भरली. पुढनं तिचं समजलं समजलं येत होतं, मागनं माझं अडलं अडलं. दोन्ही मधी कुठंतरी येऊन धडकणार, असं बायको म्हणायची.

मग एका शनिवारी लेक वही घेऊन आली. उघडलेलं पान मधनं दुमडलं होतं, आन् दुमडलेल्या जागी केसाची पीन लावली होती. खाली फकस्त सहीपुरती जागा मोकळी.

"ऐकायचं न्हाय," ती म्हणली. "सही करायची."

"बाईनी तर ऐकायचं सांगितलंय."

"बाईना म्या इचारलंय. त्या म्हणल्या चालंल."

आता माझी पंचाईत ऐका. तवर मला मोडकं-तोडकं वाचाय येऊ लागलं होतं. दुमडलेल्या कागदाच्या कडेनं एका वळीचं शेपूट बाहेर आलं होतं. मान एवढीशी वाकडी केली असती तर दोन शब्द हाताला लागले असते. आयुष्यात पयल्यांदा कागदावरचं मला समजू शकत होतं, आन् ते वाचायचं न्हवतं.

म्या गोठ्याकडं तोंड केलं. तसंच न बघता सही केली. रस्ता कुठल्या कुठं गेला, पूल पाण्यात.

सोमवारी सांजच्याला दूध संपवून मी फाट्यावर आलो होतो, तवा बाई एसटीची वाट बघत हुब्या होत्या. मला बघून नुसतं एवढंच म्हणल्या, "आज तुमच्या लेकीनं हात वर केला, भाऊ. दोनदा." गाडी आली. पाटीवर भूम होतं. म्या वाचलं, पण मला कुठं जायचं न्हवतं.

पुढं सातवीला सुदीक बाईनी ती वही चालू ठेवली. प्रत्येक शनिवारी पान दुमडलेलं यायचं. कधी तरी ती आपल्या मनानं पीन काढून एखादी वळ वाचायची, पण कुठली ते तीच ठरवायची. मागच्या पानावर माझं अक्षर आलं. आदी तिच्या हाताखाली, मग एकट्याचं. मग बाईंची बदली झाली, वही बंद झाली. त्या गेल्या तवा आम्ही भट्टीवाल्यांनी मिळून खव्याचा एक डबा दिला. मालकानं तो स्वतः ढवळला होता. माझ्या हातचा द्यायची कुणाची छाती झाली न्हाय.

आता लेक धाराशिवला नर्सिंगला हाय. हॉस्टेलवर राहते. मी आता वाचतो, पण माझं वाचणं म्हणजे चढावरची बैलगाडी. एक पान वाचाय मला एक कढई लागते. दूध चढवल्यापासनं खवा उतरंस्तोवर. असली कासवगत असताना मागच्या महिन्यात घराचे पत्रे बदलाय काढले, आन् पेटी खाली घेतली. तिच्यात कापडात बांधलेल्या दोन वह्या निघाल्या. सहावीची आन् सातवीची. पिना गंजून गेल्या होत्या. काही दुमडलेली पानं आपोआप उघडली होती.

मी पत्र्याच्या ढिगावर बसलो. दुपारची वेळ, कारागीर जेवाय गेले होते, बायको दळणाला. कुणी बघत न्हवतं. म्या वह्या मांडीवर ठेवल्या आन् लेकीला फोन लावला.

"पप्पा, ड्यूटीवर हाय. काय झालं?"

"काय न्हाय. तुझ्या वह्या घावल्या. शाळंतल्या. वाचू का?"

मागं कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत होतं.

"उघडल्या का तुमी?"

"न्हाय. आदी फोन केला."

"सहावीची वाचा," ती म्हणली. "सातवीची नगं."

"का गं माय? काय हाय त्यात?"

"पप्पा."

"बरं बरं. ऱ्हायलं."

"आन् सहावीतलं बी भट्टीवर..."

"न्हाय गं."

"सांगा की," ती म्हणली, आन् हसली. "विहिरीचं सांगा. ते चांगलं होतं." फोन ठेवला.

सहावीची वही मी रोज एक पान वाचतो. अष्टमांश आला, विहीर आली. माझ्या बाबतीतल्या ज्या वळी ती गाळायची, त्या बी आल्या. त्या काय होत्या ते हितं सांगत न्हाय. सातवीची वही म्या परत कापडात बांधली, वर सुतळीची गाठ मारली, आन् नव्या पत्र्याखाली कोरड्या जागी ठेवली. बायकोनं इचारलं, "काय लिहिलंय तिच्यात?" म्या म्हणलं, "मला काय माहीत?"